फिरत्या घरातील ऊब आणि सूर्याचा हिशेब

२६ नोव्हेंबर २०२० रोजी भोपाळ शहरातून एक बस निघाली. मध्य प्रदेशाचे तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी तिला निरोप दिला. बस दिसावयास इतर बसगाड्यांसारखीच होती. परंतु तिच्या छतावर सामानाऐवजी सौर पॅनेल बसविलेले होते, आणि आत प्रवाशांच्या बाकांऐवजी निजण्याची, लिहिण्यावाचण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय होती. हे घर होते मुंबईच्या आयआयटीतील ऊर्जाविज्ञानाचे प्राध्यापक चेतनसिंह सोलंकी यांचे. मध्य प्रदेशातील खरगोण जिल्ह्यात जन्मलेल्या या प्राध्यापकाने २०३० सालापर्यंत स्वतःच्या घरी न जाता या बसमध्येच राहण्याचा आणि देशभर सौरऊर्जेचा प्रचार करीत हिंडण्याचा संकल्प सोडला होता. या भ्रमंतीला त्यांनी नाव दिले ‘ऊर्जा स्वराज यात्रा’.

या बसच्या छतावरील पॅनेलांची शक्ती ३.२ किलोवॅट, आणि आतील बॅटरीची साठवण ६ युनिट अशी सांगण्यात आली होती. दिवे, पंखा, शेगडी, दूरदर्शन संच, संगणक, इतकेच नव्हे तर वातानुकूलन यंत्रसुद्धा या विजेवर चालावे, अशी योजना होती. छतावरच्या एवढ्याशा सूर्यावर अवजड गाडीची चाके फिरत नाहीत, हे उघडच आहे. येथे सूर्य घर चालवितो, गाडी नव्हे. तरीसुद्धा हा प्रयोग विचार करण्याजोगा आहे. कारण आपल्या पक्क्या घरांत जो प्रश्न भिंतीआड दडून राहतो, तो फिरत्या घरात रोज रात्री समोर येऊन उभा राहतो. तो प्रश्न असा: सूर्यापासून मिळालेली वीज नेमकी कशाला पुरते, आणि कशाला पुरत नाही?

ज्या वर्षी ही बस निघाली, त्याच वर्षी, १० जुलै २०२० रोजी, मध्य प्रदेशातच रीवा येथील ७५० मेगावॅटचा सौर वीजप्रकल्प राष्ट्राला अर्पण करण्यात आला. बसच्या छतापेक्षा त्याची शक्ती सुमारे सव्वादोन लाख पटींनी अधिक. परंतु रीवाची वीज देशाच्या विद्युत्‌जालात मिसळते. रात्र झाली की हे जाल कोळशाच्या, पाण्याच्या वा वाऱ्याच्या विजेने भरून निघते, आणि घरातील बटण दाबणाऱ्याला सूर्य मावळल्याची वार्ताही लागत नाही. बसला असा सावकार नाही. तिने दिवसा जे कमावले तेच रात्री खर्चावयाचे. आणि कमाई संपली, तर उसने देणारा कोणी नाही. म्हणून बसमध्ये हिशेब चुकवून चालत नाही.

आता कमाईचा हिशेब पाहू. कर्कवृत्त भोपाळच्या किंचित उत्तरेकडून जाते. भोपाळहून विदिशेकडे जाताना सलामतपूरजवळ रस्त्यातच ते ओलांडावे लागते. त्यामुळे २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य भोपाळच्या अगदी डोक्यावर असतो. २२ डिसेंबरला मात्र तो क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवरच चढतो. पक्क्या घराच्या गच्चीवर पॅनेल दक्षिणेकडे कलते ठेवून हिवाळ्यातला हा उतरता सूर्य पकडता येतो. गाडीच्या छतावर पॅनेल बहुधा सपाट निजविलेले असतात. वाऱ्यासाठी, पुलाखालून जाण्यासाठी, आणि गाडीचे तोंड रोज निराळ्या दिशेला असते म्हणून. सपाट पॅनेलवर डिसेंबरच्या मध्यान्हीचे थेट ऊन दोन तृतीयांशांइतकेच पडते. शिवाय दिवसही आखूड. पावणेअकरा तासांच्या आसपास. रात्र सव्वातेरा तासांची.

१९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकनचा पहिला उपयुक्त सौरघट तयार झाला, तेव्हा त्यावर पडणाऱ्या उन्हातील सुमारे सहा टक्के शक्तीची वीज होत असे. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेल वीस टक्क्यांहून अधिक वीज देतात. शास्त्राची ही प्रगती मोठी आहे, परंतु गाडीचे छत मात्र वाढलेले नाही. भोपाळच्या निरभ्र हिवाळी दिवसाला सपाट पृष्ठावर चौरस मीटरमागे चार-साडेचार युनिटांइतके ऊन मिळते. त्यातून धूळ, तारा, इन्व्हर्टर व बॅटरी यांतील घट वजा जाता ३.२ किलोवॅटच्या छतावरून दिवसाला सुमारे दहा युनिट वीज हाती येते, असे ढोबळ गणित मांडता येईल. दहा युनिटांची कमाई आणि सहा युनिटांची तिजोरी, एवढे हे गृहस्थाश्रमाचे भांडवल.

या भांडवलात काय काय होते? नऊ वॅटचे पाच एलईडी दिवे सहा तास जळाले, तर पाव युनिटाहून किंचित अधिक खर्च. नव्या धर्तीचा तीस वॅटचा पंखा आठ तास फिरला, तर पाव युनिटाहूनही कमी. साठ वॅटचा संगणक आठ तास चालला, तर अर्धे युनिट. तीन भ्रमणध्वनी भरले, तर तो खर्च मोजण्यातच येत नाही. म्हणजे दिवा, वारा, लेखन आणि जगाशी बोलणे हा सारा दिवसाचा व्यवहार एका युनिटात आटोपतो. एवढ्या अल्प शक्तीत एवढे सुख आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला स्वप्नातही दिसले नसते.

आता दुसऱ्या बाजूला स्नानाच्या पाण्याची एकच बादली ठेवा. वीस लिटर पाणी १८ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवावयाचे, तर अर्ध्या युनिटाहून अधिक वीज लागते. एका माणसाची एक बादली म्हणजे त्या पाच दिव्यांच्या दोन रात्री. विजेच्या शेगडीवर दोन-चार माणसांचा एक वेळचा स्वयंपाक होईतो सुमारे एक युनिट जाते. आणि रात्रभर खोली उबदार ठेवण्यासाठी दीड किलोवॅटचा विजेचा हीटर दहा तास लावला, तर पंधरा युनिट. दिवसाची सगळी कमाई दहा, तिजोरीत मावतात सहा, आणि एका हीटरची मागणी पंधरा. सौर विजेच्या घरात प्रकाश स्वस्त आहे, हालचाल स्वस्त आहे, विचार आणि संभाषण तर जवळजवळ फुकट आहे. महाग आहे ती ऊब.

यात सौरघटाचा दोष नाही. उष्णता ही गोष्टच मुळी विपुल शक्ती मागणारी आहे. मनुष्याने आजवर ऊब मिळविली ती सरपण, कोळसा, तेल आणि वायू जाळून. आणि या पदार्थांत शक्ती किती गच्च भरलेली असते, याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. एक किलो स्वयंपाकाच्या गॅसमध्ये साडेबारा युनिटांहून अधिक उष्णता असते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट असतात. या उलट आजच्या लिथियम बॅटरीच्या एका किलोत एक दशांश युनिटाच्या थोडी पुढे साठवण होते. जुन्या शिशाच्या बॅटरीत तर त्याच्याही तिसऱ्या हिश्शाइतकी. म्हणजे एक किलो गॅसच्या उष्णतेची बरोबरी करावयाची, तर जवळजवळ क्विंटलभर बॅटरी वाहून न्यावी लागेल. घर जमिनीवर असते तेव्हा वजनाची तमा नसते. घर चाकांवर आले की प्रत्येक किलोचे मोल द्यावे लागते.

म्हणूनच थंड हवेच्या देशांत, विशेषतः अमेरिका व कॅनडात, ट्रकच्या हौद्यावर बसविलेल्या ज्या लहानशा राहत्या खोल्या असतात, त्यांना ‘ट्रक कॅम्पर’ म्हणतात, त्यांत ऊब विजेवर निर्माण करीत नाहीत. त्यांत प्रोपेन वायूवर चालणारी एक बंदिस्त भट्टी असते. तिला तिकडे ‘फर्नेस’ म्हणतात. वरवर पाहता या भट्टीचा आणि छतावरील पॅनेलांचा काही संबंध नाही, असे वाटेल. परंतु या फिरत्या घरांतील रहिवाशांना कडाक्याच्या थंडीत जो अनुभव येतो, तो असा संबंध उघड करतो.

या भट्टीची रचना समजून घेण्यासारखी आहे. ज्वाला एका धातूच्या बंद कोठडीत जळते. तिला लागणारी हवा बाहेरून येते आणि जळून निघालेला वायू बाहेरच जातो. खोलीतील हवा या तापलेल्या कोठडीच्या बाहेरच्या अंगावरून पंख्याने ढकलली जाते व ऊन होऊन परतते. ज्वाला आणि खोलीतील श्वास यांची भेट होऊ नये, हा या सगळ्या व्यवस्थेचा हेतू. खोलीचे तापमान उतरले की तापनियंत्रक इशारा देतो. प्रथम पंखा सुरू होतो. पंख्याच्या वाऱ्याने एक लहानशी पाती हलते. ती पुरेशी हलली, म्हणजे पंखा नीट चालू आहे अशी खात्री होते, आणि मगच ठिणगी पडून गॅसची झडप उघडते. वारा कमी पडला तर पाती हलत नाही, झडप उघडत नाही, भट्टी पेटत नाही. ही सुरक्षिततेची योजना आहे. कारण पंख्याविना ज्वाला पेटली, तर कोठडी तापून फुटण्याचे भय.

हा पंखा बॅटरीवर चालतो. तो बारा व्होल्टवर चार-पाच अँपियर घेतो, म्हणजे पन्नास-साठ वॅट. हीटरच्या दीड हजार वॅटांपुढे हे काहीच नव्हे. परंतु शंभर अँपियर-तासांची एक साधी शिशाची बॅटरी असली, तर तिच्यातील सव्वा युनिटापैकी निम्मी वीजच सुखाने वापरता येते. ती अधिक रिती केली, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाती उरते अर्ध्याहून थोडे अधिक युनिट. थंडी बेताची असली आणि पंखा रात्रीच्या दहा तासांपैकी पाच तास चालला, तर पाव युनिट पुरते. थंडी वाढली, भिंती पातळ असल्या, आणि पंखा अखंड दहा तास चालला, तर ही सारी शिल्लक एका रात्रीत संपते. त्यातच थंडीने शिशाच्या बॅटरीची ताकद आणखी खालावते.

आणि ती संपते केव्हा? पहाटे. सूर्योदयाच्या सुमारास हवा सर्वांत गार असते, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी सर्वांत रिती असते. पंखा मंदावतो, पाती हलत नाही, झडप उघडत नाही. गॅसची टाकी भरलेली, भट्टी निर्दोष, आणि तरी खोली गोठलेली! ज्याने गॅसचा साठा काटेकोर मोजला आणि विजेचा मोजला नाही, त्याला ही पहाट हमखास गाठते.

भोपाळची थंडी कॅनडाच्या थंडीसारखी नाही. जानेवारीत तेथील रात्रीचे तापमान सरासरीने १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. थंडीची लाट आली तर ५ अंशांच्या जवळपास किंवा त्याखालीही जाते. पण या लाटेला एक पूर्वरंग असतो. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ सरकतो, आकाश भरून येते, आणि ज्याला त्या बाजूस ‘मावठा’ म्हणतात तो हिवाळी पाऊस पडतो. दोन-तीन दिवस पॅनेलांना ऊन मिळत नाही. मग आभाळ निवळते, उत्तरेचे कोरडे वारे सुटतात, आणि पारा झपाट्याने खाली येतो. म्हणजे आधी तिजोरी रिकामी होते आणि मग मोठा खर्च दाराशी येतो. फिरत्या घरात राहणाऱ्याने आपली साठवण सरासरी दिवसावर नव्हे, तर या तीन-चार दिवसांवर बेतावयास हवी.

मग ऊब मिळवावी कशी? पहिले उत्तर फार साधे आहे, आणि म्हणूनच बहुधा दुर्लक्षिले जाते. ऊब निर्माण करण्यापूर्वी ती राखावी. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशी एक खोली कल्पू. भिंती, छत व तळ मिळून तिचे अंग होते चाळीस चौरस मीटर. हे अंग नुसत्या पत्र्याचे असले, आणि बाहेरच्यापेक्षा आत दहा अंशांनी अधिक ऊब हवी असली, तर त्यातून सतत दोन किलोवॅटांहून अधिक उष्णता बाहेर निसटत राहते. दहा तासांत वीस-बावीस युनिट. त्याच पत्र्याला आतून इंचभर जाडीचे फोमचे अस्तर लावले, तर ही गळती साडेचारशे वॅटांवर येते. दहा तासांत साडेचार युनिट. गॅसच्या भट्टीच्या हिशेबात बोलावयाचे, तर पहिल्या खोलीला रात्रीस सव्वादोन किलोंहून अधिक गॅस लागेल आणि दुसरीला अर्धा किलो. एवढेच नव्हे, तर दुसऱ्या खोलीत पंखा कमी वेळ चालेल, बॅटरी पहाटेपर्यंत टिकेल, आणि तिची लहानशी पॅनेल दुसऱ्या दिवशी ती वीज भरून काढू शकतील. इंचभर अस्तर हे छतावर पॅनेलांची रांग वाढविण्यापेक्षा मोलाचे ठरते, ते असे.

आपल्या घरातील गोधडीही हेच शास्त्र जाणते. गोधडी उष्णता निर्माण करीत नाही. निजलेल्या माणसाचे शरीर सत्तर-ऐंशी वॅट उष्णता अहोरात्र बाहेर टाकीत असते. जुन्या लुगड्यांच्या थरांत अडकलेली हवा ती उष्णता अंगाशी धरून ठेवते. संपूर्ण खोली तापविण्याऐवजी माणूस तापविणे, हा तिचा मार्ग. आजच्या भाषेत बोलावयाचे तर पन्नास-साठ वॅटचे विजेचे पांघरूण हे तिचेच भावंड. ते रात्रभर लावले तरी अर्ध्या युनिटाच्या आसपास खर्च होतो. दीड किलोवॅटच्या हीटरचे पंधरा युनिट याच्याशेजारी मांडले, म्हणजे आपण खोलीच्या कोपऱ्यांना आणि छताला ऊब देण्यात किती शक्ती उधळतो, ते ध्यानात येते.

दुसरे उत्तर म्हणजे वातानुकूलन यंत्र उलटे चालविणे. हे यंत्र उष्णता निर्माण करीत नाही. ती एका बाजूकडून दुसरीकडे वाहून नेते. उन्हाळ्यात ते आतली उष्णता बाहेर टाकते. उलट चालणाऱ्या जातीचे असले, तर हिवाळ्यात बाहेरच्या हवेतील उष्णता उचलून आत आणते. आणि भोपाळच्या बेताच्या थंडीत एक युनिट विजेच्या मोबदल्यात सुमारे तीन युनिट ऊब देते. अस्तर लावलेल्या आपल्या खोलीला साडेचार युनिट ऊब हवी होती. ती दीड युनिट विजेत मिळेल. सहा युनिटांच्या तिजोरीला हा खर्च सहज पेलतो. परंतु हेच यंत्र नुसत्या पत्र्याच्या खोलीत लावले, तर सात युनिट मागेल, आणि पहाटेपूर्वीच तिजोरी रिकामी होईल. यंत्र तेच, छत तेच. फरक पडतो तो आधी काय केले यामुळे.

तिसरे उत्तर आहे सूर्याकडून वीज न मागता थेट ऊबच मागणे. याचा उत्तम दाखला लडाखात मिळतो. लेहजवळील फे येथील सेकमॉल या संस्थेच्या इमारती जाड मातीच्या भिंतींच्या आणि दक्षिणेकडे काचा असलेल्या आहेत. उणे तापमानाच्या दिवसांतही त्या सूर्याच्या उबेवर राहण्याजोग्या असतात. त्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, सोनम वांगचुक यांनी २०२१ सालच्या फेब्रुवारीत सैनिकांसाठी सुटे भाग करून नेता येईल असा दहा जणांचा सौर तंबू दाखविला. बाहेर रात्री उणे १४ अंशांपर्यंत थंडी असताना त्या तंबूत रात्री दहाच्या सुमारास १५ अंश तापमान असल्याचे त्यांनी सांगितले होते. दिवसभर उन्हाने तापलेली भिंत रात्री ती उष्णता आत सोडते, एवढेच त्याचे रहस्य. गाडीत जाड भिंत शक्य नाही. तरीही भोपाळच्या हिवाळ्यात गाडी उभी करताना मोठी खिडकी दक्षिणेकडे ठेवणे, दिवसा पडदा उघडून ४३ अंशांवरचे ते तिरके ऊन आत घेणे, आणि सूर्य मावळण्यापूर्वी जाड पडदा ओढून घेणे, एवढे तर कोणालाही करता येईल. स्नानाचे पाणी काळ्या टाकीत उन्हातच तापविले, तर विजेच्या हिशेबातून प्रत्येक बादलीचे अर्धे युनिट वजा होते.

या सर्व उपायांबरोबर एक गोष्ट कटाक्षाने सांगितली पाहिजे, कारण ती प्राणाशी निगडित आहे. खोली जितकी हवाबंद, तितकी ती उबदार. आणि तितकीच ती धोक्याची, जर आत काही जळत असेल तर. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजलेली माणसे गुदमरून दगावल्याच्या बातम्या येतात. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून, लाकडातून किंवा गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो, आणि निजलेल्या माणसाला जागही येत नाही. मोठ्या घरात दारांच्या फटी काही अंशी वाचवितात. ट्रकच्या केबिनमध्ये अथवा फिरत्या खोलीत हवा इतकी थोडी असते, की सावध व्हावयास अवधीच मिळत नाही. शिवाय एक किलो गॅस जळाला की दीड किलोंहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. ती थंड पत्र्यावर गोठून अंथरूण ओले करते. म्हणून ज्याची हवा बाहेरून येते आणि धूर बाहेर जातो, अशीच भट्टी निजण्याच्या खोलीत असावी. स्वयंपाकाची शेगडी उबेसाठी जळत ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे उपकरण बसवावे, आणि एक झरोका कितीही थंडी असो, उघडा राहावा. त्यातून जी थोडी ऊब जाते, तो जीवाचा विमा समजावा.

भोपाळहून अशी गाडी घेऊन हिमालयाकडे निघणाऱ्याने आणखी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. आपल्याकडील स्वयंपाकाचा गॅस हे ब्यूटेन व प्रोपेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होऊ शकतो. ब्यूटेन मात्र शून्याच्या जरा खालीच द्रव राहू लागतो. त्यामुळे बर्फाच्या प्रदेशात टाकी अर्धी भरलेली असूनही ज्वाला मंदावते. तसेच बहुतेक लिथियम बॅटऱ्या शून्याखाली वीज देऊ शकतात, पण त्या तापमानात भरल्या तर कायमच्या बिघडतात. म्हणून थंड प्रदेशात बॅटरी गाडीच्या बाहेरच्या पेटीत न ठेवता माणसांबरोबर आतच निजवावी लागते.

हिवाळ्याच्या या कहाणीला उन्हाळ्याची दुसरी बाजू आहे. मे महिन्यात भोपाळचा पारा चाळीस अंशांच्या वर राहतो. त्या दिवसांत गरज असते गारव्याची. आणि ती गरज सूर्य तळपत असतानाच सर्वांत तीव्र असते. जेव्हा त्रास अधिक, तेव्हाच वीजही अधिक. पॅनेल तापून त्यांची वीज काही टक्क्यांनी घटते, हे खरे. तरीही छतावर थोडी पोकळी सोडून बसविलेली पॅनेल स्वतःच छतावर सावली धरतात. कोरड्या मे महिन्यात दीड-दोनशे वॅटचा पाण्याचा कूलरही काम भागवितो. पावसाळ्यात हवा दमट झाली, की तो निरुपयोगी ठरतो. उन्हाळ्यातली अडचण निराळीच असते. माणसाला झाडाची सावली हवी आणि पॅनेलाला ऊन हवे. कडुनिंबाच्या एका फांदीची सावली पॅनेलाच्या कोपऱ्यावर पडली, तरी एकमेकांना जोडलेल्या घटांची वीज पुष्कळ घटते. गारवा आणि सूर्य हे मित्र. ऊब आणि सूर्य यांची मात्र चुकामूक. ऊब हवी असते रात्री, आणि सूर्य असतो दिवसा. या दोहोंमधील अंतर बॅटरीने भरावयाचे, गॅसने भरावयाचे, की अस्तराने आणि गोधडीने कमी करावयाचे, हाच खरा निर्णय आहे.

हा निर्णय केवळ हौशी प्रवाशांपुरता नाही. देशातील असंख्य ट्रकचालक आयुष्याचा मोठा भाग केबिनमध्येच निजून काढतात. त्यांचे फिरते घर हौसेचे नसून पोटाचे आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन असण्याचा नियम भारत सरकारने केला, तो या माणसांच्या आरोग्याकडे पाहूनच. रस्त्यावर गाडी धावत असताना इंजिनाच्या शक्तीवर हे यंत्र चालते. परंतु रात्री ढाब्यावर गाडी उभी करून चालक निजतो, तेव्हा गारव्यासाठी वा उबेसाठी इंजिन चालू ठेवून डिझेल जाळावयाचे, की केबिनच्या पत्र्याला अस्तर लावून लहानशा बॅटरीवर काम भागवावयाचे, हा प्रश्न उरतोच. भोपाळच्या बसने जे गणित मांडले, तेच गणित या केबिनचे आहे.

सोलंकी यांनी आपल्या यात्रेत लोकांपुढे तीन शब्द ठेवले. त्यांचा आशय असा: आधी विजेचा वापर टाळा, टाळता येत नाही तेथे तो कमी करा, आणि जे उरेल तेवढेच सूर्यापासून निर्माण करा. गांधीजींच्या ग्रामस्वराज्याच्या कल्पनेतून त्यांनी ‘ऊर्जा स्वराज’ हा शब्द घडविला आहे. या तीन शब्दांतील क्रम विशेष महत्त्वाचा आहे. सामान्यतः आपण शेवटापासून आरंभ करतो; प्रथम पॅनेल आणतो, ती अपुरी पडली की बॅटरी वाढवितो, आणि तीही अपुरी पडली की सौरऊर्जेलाच नावे ठेवतो. पत्र्याच्या खोलीत बावीस युनिटांची गळती चालू असताना छतावरच्या सूर्याला दोष देणे, हे फुटक्या घागरीत पाणी भरून विहिरीला दोष देण्यासारखे होय.

पक्क्या घरात राहणाऱ्यांनाही हे गणित लागू आहे. गच्चीवर सौर पॅनेल बसविण्याचा उत्साह आज शहरोशहरी दिसतो, आणि तो स्वागतार्ह आहे. परंतु त्या गच्चीखाली तापलेले स्लॅब, फटी असलेल्या खिडक्या, दिवसभर चालू राहणारा पाण्याचा हीटर आणि रिकाम्या खोलीत फिरणारा जुना पंखा असेल, तर त्या घराचा हिशेब वीजजाल पुरा करीत राहते, एवढेच. घरमालकाला ते कळत नाही, कारण त्याच्या बॅटरीची सुई पहाटे शून्यावर येत नाही. फिरत्या घरातील रहिवाशाला ते कळते. सायंकाळी तो मापकाकडे पाहतो, आभाळाकडे पाहतो, दक्षिणेची खिडकी झाकून घेतो, झरोका किंचित उघडा ठेवतो, गोधडी अंगावर ओढतो; आणि मगच, गरज असेल तेवढीच, भट्टी पेटवितो.